पाटणकडच्या जुन्या घराची मागची भिंत: पाडावी की उतरवून पुन्हा रचावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मोरणा खोऱ्यात (ता. पाटण, जि. सातारा) माझ्या माहेरचं कौलारू घर आहे. वडील मुंबईत माथाडी कामगार होते. गावी यायचे ते शिमग्याला आणि गौरी-गणपतीला. ते गेल्यावर नऊ वर्षं घराला कुलूप होतं. भावांना त्यात रस नाही, त्यामुळे घरपट्टी मी भरते आणि हे खूळही मीच पोसते.

मी पुण्यात बँकेत आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी धरून शुक्रवारी रात्री निघायचं आणि रविवारी परत यायचं, असं दोन वर्षं चाललंय. महिन्याचे चार दिवस, म्हणजे कामाचा वेग तुमच्या लक्षात आला असेलच. पहिलं वर्ष नुसतं उपसण्यात गेलं. परसात घाणेरी माजली होती, माजघरात वटवाघळं होती आणि वासे वाळवीने पोखरले होते. गेल्या उन्हाळ्यात कौलं चाळून घेतली, आठ वासे बदलले. वाळवी लागू नये म्हणून त्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. हातमोजे घालायचे असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. कातडी सोलली आणि आठवडाभर काउंटरवर हात लपवत बसले. सारवायला चुलतीने नव्याने शिकवलं. माझे फराटे बघून ती हसत हसत खालीच बसली.

गोळीशिवाय झोप न लागणं हे माझं चार वर्षांचं दुखणं. माजघरात सतरंजीवर पहिल्यांदा पडले, तेव्हा गोळ्या पुण्यातच राहिल्यात हे कळलं ते सकाळी उठल्यावर. पुण्यात गोळी अजूनही लागते, उगाच चमत्कार सांगत नाही. पण घर पाडायचं नाही या हट्टामागे हेही एक कारण आहे.

आता अडचण. मागची भिंत दगड-मातीची आहे, दीड हात रुंद. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात मूळची पडली, तेव्हा वडिलांनी सुट्टी काढून महिन्याभरात ही उभी केली. घाईचं काम. आता तिला मधोमध पोट आलंय. आतल्या बाजूने कमरेइतकी ओल आहे. गावातले गवंडीकाका म्हणतात, "आता मातीत कोण बांधतंय? जेसीबी लावा, दोन दिसांत मोकळं. वर स्लॅब टाका." (हे सगळं ते माझ्या नवऱ्याला सांगतात. प्रश्न मी विचारलेला असतो.) दुसऱ्याने सुचवलं, बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा मारून टाका. शिमगा झालाय, मिरगाला अडीच महिने उरलेत.

तर, भिंत तेवढीच उतरवून त्याच दगडांत पुन्हा रचता येते का? तोवर आढं आणि वासे कशावर पेलायचे? भूकंपाचा पट्टा आहे, तर मातीत रचणं शहाणपणाचं आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १:
ताई, आधी सिमेंटचा विचार सोडा. मातीच्या भिंतीत शिरलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडावं लागतं. सिमेंटने वाट बंद केली की ते आतच मुरतं आणि माती सैल होते. अशा भिंतीला दोन चेहरे असतात, मधे भर असते. पाणी मुरलं की चेहरे सुटे होतात, तेच ते पोट. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती कोसळल्या होत्या. रचताना जोडदगड घालायला सांगा, म्हणजे भिंतीच्या एका चेहऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचणारा एकच लांब दगड. दर दोन फूट उंचीला एक ओळ आणि ओळीत चार-चार फुटांवर एक. कोपऱ्यांत लांब दगड आलटून पालटून. गवंडी हे टाळतात, कारण लांब दगड शोधावा लागतो. काम चालू असताना तिथे उभ्या राहा.

प्रतिसाद २:
भिंत एकदम मोकळी करू नका. वाशांखाली आडवी तुळई घालून टेकू द्या, मग तीन-चार फुटांचा तुकडा उतरवून रचायचा, तो बसला की पुढचा. दगडांवर चुन्याने आकडे घाला. पण टेकू देण्याआधी एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच, फोटोवरून कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका, माझंही नाही. आणि ओल येते कुठून, ते बघितलंत का? मागे उतार घराकडे आहे का?

धागाकर्ती:
दोघांचे आभार. काल ओळंबा सोडून पाहिला, पोट चार बोटं आहे. उतार घराकडेच आहे. शिवाय शेजारच्या गोठ्याचं पाणी थेट जोत्याशी येतं, हे मला दोन वर्षांत दिसलं नव्हतं! या खेपेला भिंतीला हात न लावता आधी चर खणतेय. पुढच्या शनिवारी कराडचे एक इंजिनिअर येऊन बघणार आहेत. जोडदगडाचं गवंडीकाकांना विचारलं तर म्हणाले, "म्हाताऱ्यांच्या वेळेला घालायचे." म्हणजे माहीत आहे त्यांना.

बाहेरच्या दरजा (दगडांमधल्या फटी) चुन्यात भरायच्या म्हणतेय. कळीचा चुना कराड-पाटण भागात कुठे मिळेल? दुकानात विचारलं की रंगाची पुडी पुढे करतात. गूळ आणि हिरड्याचं पाणी किती घालायचं, हे स्वतः केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.