शब्दचर्चा: 'मूर'ला सडा म्हणावं की माळ?

रंकाळाकाठ: इंग्लंडमधल्या एका डोंगरचालीचं माहितीपत्रक मराठीत करतोय. एडेल गावातून किंडर स्काउटवर चढायचं, माथ्यावरून फिरायचं आणि अंधाराच्या आत खाली उतरायचं. बाकी सगळं बसलं, 'मूरलँड'वर, म्हणजे तिकडच्या उंचावरच्या उघड्या, ओल्या रानावर, गाडी अडलीय. मी 'माळरान' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'दलदलीचा प्रदेश' करून परत पाठवलं. दलदल म्हटल्यावर डोंगर कुठला, असं वाचणाऱ्याला वाटणार. कोल्हापुरी कानाला काय पटेल?

भुदरगडी: सडा. दाजीपूरचा सावराई सडा डोळ्यापुढं आणा. उंचावर, सपाट, वारा मोकाट, पावसाळ्यात पाणी तुंबलेलं. माळ म्हटलं की कोरडं गवत आणि खाली मुरूम. शिवाय दवबिंदू वनस्पती आपल्या सड्यांवर येते तशी तिकडच्या मूरवरच्या ओलीतही येते. दोन्हीकडं मातीत कस नाही, म्हणून ती किडे धरून खाते. यापेक्षा जवळचं नातं कुठलं?

पेठकरी: पन्हाळ्याजवळच्या मसाईला मात्र कुणी सडा म्हणत नाही, पठारच म्हणतात. किंडरच्या माथ्यालाही टोक असं नाही. ६३६ मीटरवर सगळं सपाटच. 'पठार' लिहून मोकळे व्हा.

काटेकोर: पठार हा आकार झाला. मूर ही जमीन आहे. आणि सडा जांभ्याचा असतो: खाली दगड, वर बोटभर माती. पाणी दगडामुळं तुंबतं आणि पाऊस सरला की सडा खडखडीत वाळतो. किंडरवर खाली पीट आहे. थंडी, आम्ल आणि सततचं पाणी यामुळं धड न कुजता साचत गेलेला झाडोरा. काही ठिकाणी थर दोन-तीन मीटरचा. सड्यावर पाय घसरतो, पीटमध्ये रुततो. 'सडा' वाचून कुणी कापडी बूट घालून गेला तर त्याला शब्दानंच फसवलं म्हणायचं. सरळ 'मूर' ठेवा.

पेठकरी: ठेवा की. मूर आपलाच असणार, 'मुरणे'वरून. पाणी मुरतं तो मूर.

काटेकोर: पाणी मुरत नाही हीच तर तिथली रड आहे, राव.

भुदरगडी: सडा म्हणजे उघडाबोडका, 'सडाफटिंग'मधला. त्याला जांभ्याशी बांधून घालायचं कारण काय?

शाहूपुरी: मग सडा-रांगोळीतला सडा कुठला? तो तर ओलाच.

मोजपट्टी: नावावरून भांडण चाललंय, पण पत्रकात वेळ किती छापलीय ते आधी बघा. डोंगरचालीला वेळ किती लागेल याचा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा १८९२ चा ठोकताळा आजच्या मापात असा: ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. एडेल, जेकब्ज लॅडर, किंडर लो आणि ग्रिंड्सब्रुकनं खाली, हा फेरा साधारण १३ किलोमीटर आणि चढ ४०० मीटर धरा. हिशेब सव्वातीन तासांचा निघतो. तो धट्ट्याकट्ट्या माणसाचा, बऱ्या वाटेवरचा आणि कुठंही न टेकता. पीटसाठी निम्मा वेळ वर घाला, जेवण धरा, सहा तास होतात. डिसेंबरात तिकडं चारच्या आत सूर्य मावळतो. साडेनऊला पाय उचलला नाही तर उतार अंधारात.

वर गेल्यावर कडेकडेची वाट सोडायची नाही, तिथं खडक आणि वाळू वर आलेली असते. पठाराच्या मधून सरळ कापायला गेलं की पीटमध्ये पाण्यानं कोरलेल्या माणूसभर खोल वाटा लागतात. तिकडं त्यांना ग्रफ म्हणतात. आत उतरलं की पुढचं दिसत नाही आणि ग्रफ वळत जाते तसा माणूस वळत जातो. म्हणून दर वेळी काठावर चढून होकायंत्र बघायचं आणि दिसेल त्या दगडावर नेम धरून तेवढंच चालायचं. काळं, भेगाळलेलं पीट बहुधा पाय पेलतं. गर्द हिरवं, गादीसारखं शेवाळ दिसलं की वळसा घ्या. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि वाऱ्यात अंग गारठतं.

काटेकोर: ग्रफला 'घळ' चालेल.

भुदरगडी: घळ दगडातली. मातीतली ती ओघळ.

काटेकोर: ओघळ वीतभर असते हो. हिच्यात माणूस बुडतोय.

शाहूपुरी: तुमच्या पत्रकात कोरड्या रचलेल्या दगडी भिंती असतीलच. त्याला 'गडगा' लिहा, चुना-सिमेंटाशिवाय रचलेला. यात तरी वाद नको. गडग्यावरून चढून जायला पायऱ्या असतात त्याला मात्र आपल्याकडं शब्द नाही, कारण आपण गडगा पाडून वाट करतो.

रंकाळाकाठ: गडगा घेतला. 'पब्लिक फूटपाथ'ला 'पाणंद' लिहिलंय, ते बरोबर ना?

भुदरगडी: शंभर टक्के. पाणंद सगळ्यांची असते.

मोजपट्टी: पाणंदीतून बैलगाडी जाते. ही वाट फक्त पायी जायची, आणि खाजगी रानातून गेली तरी हक्काची. १९३२ च्या एप्रिलमध्ये लोक किंडरवर मुद्दाम घुसले ते मूरवर चालायच्या हक्कासाठीच. 'पायवाट' लिहिलं तर हक्क जातो, 'पाणंद' लिहिलं तर गाडी येते. आपल्या गावनकाशात 'पायमार्ग' आहे, एकेरी तुटक रेषेचा. गाडीमार्ग दुहेरी. तिकडच्या पंचवीस हजारी (१:२५,०००) नकाशातही अशी वाट तुटकच असते, हिरवी.

भुदरगडी: पायमार्ग हा तलाठ्याचा शब्द. चालणारा माणूस कधी पायमार्गानं गेलाय?

काटेकोर: तलाठ्याचा असला तरी त्याच्यावर खटला जिंकता येतो.