शिबिरातल्या पोरांना पोपोविचची गोष्ट सांगायचीय, कोणता प्रसंग निवडू?

रिंगखालचा
नमस्कार मंडळी. क्लबच्या उन्हाळी शिबिराच्या शेवटच्या दिवशी १४ वर्षांखालच्या मुलांशी बोलायचंय. माणूस ठरलाय, बास्केटबॉलचा प्रशिक्षक ग्रेग पोपोविच. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सकडे २९ हंगाम, ५ विजेतेपदं, साखळीत १,४२२ विजय (विक्रम). पण वेळ वीसच मिनिटं, म्हणून एकच प्रसंग हवाय. प्रोजेक्टर नाही. खर्चाला ५०० रुपये. सुचवा.

टाइमआउट_काका
प्रोजेक्टर घ्याच. मी गेल्या वर्षी चौदा हजारांना घेतला, पोरं जागची हलत नाहीत. ५०० रुपयांत काय होतं हो हल्ली?

जुना_पॉइंटगार्ड
पोपोविच कशाला? प्रशिक्षकच हवा तर फिल जॅक्सन घे. शिकागोबरोबर ६ विजेतेपदं, लेकर्सबरोबर ५. अकरा! विषय संपला.

बँकशॉट
जॅक्सनकडे खेळायला जॉर्डन होता, मग शॅक आणि कोबी, सगळे दिग्गज. त्यात काय मोठं?

जुना_पॉइंटगार्ड
आणि पोपकडे डंकनसारखा दिग्गज नव्हता? १९९६ च्या डिसेंबरात हा स्पर्सचा जनरल मॅनेजर. संघ ३-१५ वर (३ विजय, १५ पराभव) असताना प्रशिक्षक बॉब हिलला काढलं आणि स्वतःच खुर्चीत बसला. हंगाम संपला २०-६२ वर. मग ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या, लॉटरीत (ती हरणाऱ्या संघांसाठीच असते) पहिला नंबर लागला आणि १९९७ ला डंकन पदरात. हे सांगणार मुलांना?

बँकशॉट
स्पर्सचा मुख्य खेळाडू रॉबिन्सन त्या हंगामात ६ सामने खेळला फक्त, तेही सांगा की. आणि पार्कर ड्राफ्टमध्ये २८ वा, जिनोबिली ५७ वा. तीही लॉटरीच का?

ह्यूस्टनकर
माझं मत वेगळं. नोव्हेंबर २०१२, मायामीतला सामना टीव्हीवर देशभर दिसणार होता, आणि याने डंकन, पार्कर, जिनोबिली, ग्रीन चौघांनाही विश्रांतीसाठी घरी पाठवलं. लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. तेव्हा टाळ्या वाजवल्या मी. नंतर महागाचं तिकीट काढून एका सामन्याला गेलो तर ज्याच्यासाठी गेलो तो सूट घालून बाकावर! संघाचं नाव घेत नाही. बायको अजून काढते तो विषय.

कोपरा_थ्री
खरं सांगू? २०१३ चा मायामीविरुद्धचा अंतिम फेरीतला सहावा सामना घे. स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे, २८ सेकंद उरलेली, ५ गुणांची आघाडी. शेवटच्या चेंडूला पोपने डंकनला बाकावर ठेवलं, थ्री (लांबून मारलेली तीन गुणांची बास्केट) अडवायला चपळ माणसं हवीत म्हणून. मायामीचा लेब्रॉन चुकला, परत आलेला चेंडू त्यांच्याच बॉशने घेतला, कोपऱ्यातून रे ॲलनचा थ्री, बरोबरी. सामना गेला, सातवाही गेला. पुढच्या वर्षी त्याच मायामीला ४-१. साध्या फळ्यावर खडूने पाच गोल काढ आणि पोरांनाच विचार, डंकन आत की बाहेर? वीस मिनिटं पुरणार नाहीत.

टाइमआउट_काका
फळा घ्यायचा तर चुंबकाचा घ्या, २,२०० ला मिळतो.

अर्धी_रेषा
पाथरवटाचा उतारा विसरलात सगळे. शंभर घाव घालूनही दगडाला चीर पडत नाही, एकशे एकाव्याला फुटतो, पण फोडलेला असतो आधीच्या शंभरांनी. जेकब रीस या पत्रकाराचा आहे, पोपने ड्रेसिंगरूममध्ये लावला होता. मीही फ्लेक्स करून घेतला. छापणाऱ्याने ‘घाव’चं ‘गाव’ केलं. शंभर गाव. अजून हॉलमध्ये आहे.

बँकशॉट
२०१३-१४ च. कोपरा_थ्री म्हणतात तेच.

ह्यूस्टनकर
+१. शेवट विजेतेपदावर झालाच पाहिजे, नाहीतर पोरं वडापाव खायला पळतील.

रिंगखालचा
आभार सगळ्यांचे. फळ्याची कल्पना आवडली, पुढच्या शिबिराला वापरीन. पण यंदा १९७९-८० सांगतोय. पोमोना-पिट्झर, कॅलिफोर्नियातलं छोटं कॉलेज, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. मुख्य प्रशिक्षक म्हणून पोपचा पहिला हंगाम २-२२. तरी तिथेच राहिला आणि १९८६ ला त्याच कॉलेजला लीग जिंकून दिली. स्पर्सपर्यंत जाणारच नाही. आमची पोरं यंदा नऊपैकी आठ हरलीत, त्यांना हा आकडा कळेल. ५०० रुपयांचं कोकम सरबत.

टाइमआउट_काका
मोठी चूक करताय.

जुना_पॉइंटगार्ड
तसंच सांगायचं तर जॅक्सनचंही सांग. सीबीए या छोट्या लीगमधला ऑल्बनी पॅट्रून्स संघ, १९८४ चं विजेतेपद. तेव्हा कुठे होता हो जॉर्डन?