अमेरिकेतली सरकारी शाळा: कारखान्याने काढली की गावाने?

पाटीपेन्सिल
दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी तोच फॉरवर्ड टाकतं: अमेरिकेने शाळा प्रशियाकडून (म्हणजे जुन्या जर्मन राज्याकडून) उचलली, कारखानदारांना मुकाट राबणारे मजूर हवे होते, म्हणून घंटा, रांगा आणि बाकं. ऐकायला झकास आहे, पण त्यात फारसा दम नाही.

१६४७ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा झाला. पन्नास घरांच्या गावाने लिहाय-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा, शंभर घरांच्या गावाने लॅटिन व्याकरणाची शाळा काढायची. कारण काय, तर बायबल स्वतः वाचता आलं नाही तर सैतानाचं फावतं! कारखान्याचा तेव्हा पत्ताही नव्हता. १७८५ च्या जमिनीच्या कायद्याने ओहायोकडच्या नव्या मुलखात सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन आखले. प्रत्येकाचे ३६ तुकडे, त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. पुढे शेतकऱ्यांनीच कर आणि वर्गणी काढून एका खोलीच्या शाळा उभ्या केल्या. मास्तरणीची राहण्या-जेवणाची सोय पाळीपाळीने एकेका घरी. शाळा भरायची ती पेरणी-कापणी सांभाळून. गिरणीवाल्यांना तर पोरं शाळेत नकोच होती, कामावर हवी होती. म्हणून १८३६ साली मॅसॅच्युसेट्सला कायदा करावा लागला, की पंधरा वर्षांखालच्या मुलाने वर्षात तीन महिने शाळा केलेली नसेल तर त्याला कामावर घ्यायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ही शाळा गावाने काढली, गावाच्या पैशावर चालवली, आणि तीच तिची ताकद होती.

तिरकस
फॉरवर्ड फालतू आहे, कबूल. पण म्हणून कारखानदार अगदी नामानिराळे होते असंही नाही. होरेस मान १८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा सचिव झाला. १८४१ च्या अहवालासाठी त्याने मालकांनाच पत्रं पाठवून विचारलं, की शिकलेला कामगार आणि अडाणी कामगार यांच्या कामात काय फरक पडतो? उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली, आणि त्याने ती शाळांच्या प्रचाराला वापरली.

आणि गाव म्हणजे नेमकं कोण? शाळेत वाचायचं ते प्रोटेस्टंटांचं बायबल. आयरिश कॅथलिक म्हणाले, आमच्या पोरांना आमचं वाचू द्या, तर १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली झाल्या, चर्च जाळली, माणसं मेली. शेवटी कॅथलिकांनी पदरमोड करून आपल्या शाळा काढल्या. तुमचं गाव हे असं.

पाटीपेन्सिल
पैसे मागायला गेलेला माणूस देणाऱ्याला रुचेल तेच बोलणार. मानने धार्मिकांना नीती सांगितली, गरिबांना बरोबरी सांगितली, मालकांना नफा सांगितला.

प्रशियाचंही ऐका. १८४३ मध्ये तो तिकडे गेला आणि भारावला कशाने? मास्तर हातात पुस्तक न धरता उभ्याने शिकवतात, त्यांना आधी प्रशिक्षण मिळतं आणि पोरांना मारत नाहीत. परत येऊन त्याने हे अहवालात लिहिलं, तेव्हा बोस्टनचे ३१ हेडमास्तर त्याच्यावर तुटून पडले. पुस्तिका छापून उत्तर दिलं. छडीशिवाय शिस्त लागते हेच त्यांना पटेना. म्हणजे ज्या प्रशियाच्या नावाने आपण बोटं मोडतो, तिथून छडीविरुद्धचं हत्यार आलं!

वैदर्भी
तुम्ही दोघंही बोस्टनच्या आसपासच फिरताय. जरा दक्षिणेत या.

तिथे कित्येक राज्यांत गुलामांना लिहाय-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. सर्वांसाठी सरकारी शाळा तिथे खऱ्या अर्थाने आल्या त्या यादवी युद्धानंतर, १८६८ च्या सुमाराच्या नव्या राज्यघटनांतून, आणि त्या लिहिताना कालपर्यंत गुलाम असलेले लोक सभागृहात बसलेले होते. पुढे सत्ता गोऱ्यांकडे परत गेली आणि काळ्यांच्या शाळांचा पैसा आटला. विसाव्या शतकात ज्यूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या मदतीने सुमारे ५००० शाळा झाल्या, पण अट अशी की गावकऱ्यांनीही आपला वाटा घालायचा. म्हणजे काळ्या शेतकऱ्याने कर भरायचाच, आणि वर शाळेसाठी पैसे, लाकूड, अंगमेहनतही द्यायची. गावाच्या पैशावर चालली म्हणता ना, ती ही अशी.

आता व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी. काळ्यांच्या हायस्कुलात मुलं मावेनात, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोपट्यांत वर्ग भरायचे. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने अख्ख्या शाळेचा संप घडवून आणला. त्यातून खटला उभा राहिला, आणि तो काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झाला. निकाल लागला, आता एकत्र शिकवा म्हणाले. काउंटीने काय करावं? १९५९ साली शाळेसाठी कर बसवायलाच नकार दिला आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातलं. पाच वर्षं! गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, तिला सरकारी पैशाचा टेकू. काळी मुलं नातेवाइकांकडे परगावी गेली, नाहीतर घरी बसली. हा निर्णय गावानेच घेतला होता, पूर्ण लोकशाही मार्गाने.

एडिसनकर
न्यू जर्सीत राहून हे वाचतोय. आमच्याकडे मराठी मंडळी घर बघताना आधी स्कूल डिस्ट्रिक्ट (म्हणजे एका स्थानिक शाळा-बोर्डाच्या हद्दीतला भाग) बघतात, मग किचन. प्रॉपर्टी टॅक्स भरताना कंबरडं मोडतं, पण त्याचं काय होतं ते डोळ्यासमोर दिसतं. बोर्डाच्या मीटिंगला जाऊन संगीताचा शिक्षक का कमी केला, असं तोंडावर विचारता येतं. राजधानीतल्या कुठल्या साहेबाला मी काय विचारणार? मला तरी पाटीपेन्सिल यांचं पटतं.

तिरकस
तुम्हाला पटणारच, तुमचं डिस्ट्रिक्ट चांगलं आहे.

टेक्सासात सॅन अँटोनियोमध्ये एजवुड नावाचं गरीब, बहुतांश मेक्सिकन वंशाचं डिस्ट्रिक्ट. घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे शाळेचा कर १.०५ डॉलर, आणि त्यातून दर मुलामागे जमायचे २६ डॉलर. त्याच शहरातल्या अलामो हाइट्समध्ये कर ०.८५ डॉलर, म्हणजे कमीच, आणि जमायचे ३३३. पालक सुप्रीम कोर्टात गेले. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. संघराज्याच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, असं कोर्ट म्हणालं.

तुमच्या न्यू जर्सीचं बरं, राज्याचं कोर्ट आडवं पडलं. शाळांना न्याय्य पैसा मिळत नाही म्हणून १९७६ च्या जुलैत त्याने शाळाच बंद ठेवायला लावल्या, तेव्हा कुठे विधिमंडळाने राज्याचा इन्कम टॅक्स आणला. तुमच्या पगारातून कापला जातो तोच.

वैदर्भी
थोडं घरचंही. अमेरिकेने गुलामगिरी मोडली म्हणून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक तिथल्या लोकांना अर्पण केलं. तेच फुले १८८२ साली हंटर आयोगापुढे म्हणाले, की सारा भरतो रयत आणि शिकतात वरचे. बाराव्या वर्षापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हे मागितलं सरकारकडे. गावावर सोडलं असतं तर महार-मांगांच्या मुलांना गावाने ओसरीवरही बसू दिलं नसतं.

पाटीपेन्सिल
फुल्यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो इथल्या गावाबद्दल. अमेरिकेत वरून चालवलेली शाळाही बघा की. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची शाळा निघाली, थेट वॉशिंग्टनच्या पैशावर. मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून शेकडो मैल दूर नेली. केस कापले, नावं बदलली, आपल्या भाषेत बोललं तर शिक्षा. तिथे कुठल्याही आईला मीटिंगमध्ये उभं राहून प्रश्न विचारायची सोय नव्हती. प्रिन्स एडवर्डचं उत्तर कार्लाइल असू शकत नाही.

तिरकस
कार्लाइल नको, हे सांगायची गरज नाही. पण १९६४ मध्ये प्रिन्स एडवर्डच्या शाळांची कुलपं काढायला लावली ती वॉशिंग्टनच्या कोर्टानेच. गाव आपण होऊन उठलं नव्हतं.

पाटीपेन्सिल
आणि दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, त्याच कोर्टाने डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरांच्या बाजूने निकाल दिला. शहरातली मुलं काळी, भोवतालच्या डिस्ट्रिक्टांतली गोरी. पण भेदभाव उपनगरांनी केल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून शहर आणि उपनगरांतली मुलं एकत्र शिकवायच्या योजनेत त्यांना ओढता येणार नाही, असं ठरलं. तेव्हा वॉशिंग्टनच्या भरवशावर किती राहायचं, ते तुम्हीच सांगा.

वैदर्भी
ओढता आलं नाही, कारण डिस्ट्रिक्टची वेस पवित्र धरली. ती वेस आखली कुणी? एडिसनकर, तुम्ही घर घेताना नकाशावर बघितली तीच ही वेस.