'प्रतिपूर्ती', 'परतावा' की आणखी काही? औषधांच्या किमतींविषयीचे काही शब्द

प्रश्न

जर्मनीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी तेथील आरोग्य विम्याची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका मी मराठीत आणत आहे. हाताशी असलेल्या इंग्रजी मजकुरात 'रीइम्बर्समेंट' हा शब्द पानोपानी येतो. शासकीय मराठीत त्यासाठी 'प्रतिपूर्ती' रूढ आहे, म्हणून पहिल्या खर्ड्यात मी सर्वत्र तोच लिहिला. म्युनिकजवळ राहणाऱ्या माझ्या भाचीने खर्डा वाचून लगेच विचारले, "मावशी, म्हणजे औषधाचे पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे का? मी तर दुकानात पाच युरो दिले आणि औषध घेऊन निघाले. मागायचं असं काही उरलंच नव्हतं."

तिची शंका रास्त आहे. 'परतावा' घालून पाहिला, तर तीच अडचण आली. 'भरपाई' लिहिले, तर अपघात किंवा अतिवृष्टी डोळ्यांपुढे येते. शिवाय 'फेस्टबेट्राग' या जर्मन संज्ञेसाठी मी 'निश्चित किंमत' लिहिले आहे आणि प्रकरणाचे शीर्षक 'औषधांचे किंमत नियंत्रण' असे ठेवले आहे. त्या दोन्हींविषयीही आता मन साशंक आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर

ताई, आपल्या भाचीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. माझी नोकरी लेखा विभागात गेली आणि त्यातील बरीच वर्षे वैद्यकीय देयके तपासण्यात गेली, त्यामुळे 'प्रतिपूर्ती' या शब्दाशी माझा रोजचा संबंध होता.

महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ यांखाली कर्मचारी आधी स्वतःच्या खिशातून खर्च करतो, औषधांच्या रोख पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि प्रमाणपत्रे जोडून देयक सादर करतो, त्याची छाननी होते आणि जी रक्कम नियमात बसते तेवढी त्याला मिळते. या साऱ्या व्यवहाराचे नाव 'वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती'. 'पूर्ती' म्हणजे भरणे आणि 'प्रति' म्हणजे उलट दिशेने. रिकामा झालेला खिसा पुन्हा भरणे, हा या शब्दाचा गाभा आहे. खिसा आधी रिकामा झालाच नसेल, तर प्रतिपूर्ती कशाची करायची?

जर्मनीत दहांपैकी जवळजवळ नऊ जण वैधानिक विमा निधींचे, म्हणजे तेथील 'क्रांकनकासे'चे, सभासद असतात. या निधींचे मूळ १८८३ च्या बिस्मार्ककालीन कायद्यात आहे. सभासदाला औषध वस्तुरूपाने मिळते आणि दुकानदाराचे पैसे निधी परस्पर चुकता करतो. या तत्त्वाला तेथे 'झाखलाइस्टुंग' म्हणतात आणि त्यातील 'झाख' म्हणजे वस्तू. उरलेल्यांतील बहुतेक जण खाजगी विमा घेतात. ते पूर्ण किंमत मोजून औषध घेतात, बिल विमा कंपनीकडे पाठवतात आणि पैसे परत मिळवतात. याला 'कोस्टेनएरश्टाटुंग' म्हणतात. आपल्या इंग्रजी मजकुराने या दोन्हींना एकच शब्द लावला आहे. मराठीत मात्र दोन शब्द हवेत: खाजगी विम्याच्या प्रकरणात 'प्रतिपूर्ती' निःशंकपणे ठेवावी, आणि वैधानिक विम्याच्या प्रकरणात ती सरसकट काढून 'निधी औषधाचे पैसे देतो' असे साधे क्रियापद वापरावे. नामच हवे असेल, तर 'देय रक्कम' चालेल.

एक अडचण मात्र राहते. नव्या औषधासाठी विमा निधींची केंद्रीय संघटना उत्पादकाशी वाटाघाट करून जी रक्कम ठरवते, तिला जर्मन लोकही 'एरश्टाटुंग्सबेट्राग' म्हणतात, म्हणजे शब्दशः परत द्यायची रक्कम. तिथे जर्मन शब्दाच्या पोटातच 'परत' आहे. तरीही तो शब्द निधीच्या हिशेबातला आहे, रुग्णाच्या अनुभवातला नाही. पुस्तिका रुग्णासाठी असल्याने मी तिथे 'वाटाघाटीने ठरलेली देय रक्कम' असेच लिहीन.

'परतावा' टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. प्राप्तिकराचा परतावा म्हणजे जास्त भरलेला कर परत मिळणे, आणि गुंतवणुकीवरचा परतावा म्हणजे तिच्यावर सुटलेला लाभ. 'औषधांवरील परतावा' असा मथळा वाचल्यावर निम्म्या वाचकांना औषध कंपनीचा नफा आठवेल.

'भरपाई'चा अर्थ आज नुकसानीशी जोडला गेला आहे, हे आपण म्हणता ते खरे आहे. पण जुन्या हिशेबी भाषेत हा शब्द पूर्ण रक्कम पोचल्याच्या पावतीसाठी होता. 'भरून पावलो' या वाक्प्रचारात तोच अर्थ जिवंत आहे. एका निवृत्त शिक्षिकेचे देयक मला अजून आठवते. पावत्या तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर सही आणि शिक्का, चिठ्ठीची प्रत मागे टाचलेली, कुठेही खाडाखोड नव्हती. छाननीत शक्तिवर्धक पावडरी आणि आणखी काही बाबींपुढे लाल शाईने 'अनुज्ञेय नाही' असा शेरा पडला आणि रक्कम बरीच उतरली. पैसे जमा झाल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, पैसे मिळाले, पण भरून पावले असं नाही म्हणता येत." प्रतिपूर्ती आणि भरपाई यांतले अंतर मला त्या दिवशी कळले. नियमाने मिळते ती प्रतिपूर्ती, आणि सारे भरून निघाले की ती भरपाई.

त्याच लाल शाईतला 'अनुज्ञेय' हा शब्द आपल्या दुसऱ्या प्रश्नाला उपयोगी पडेल. 'फेस्टबेट्राग'मधील 'फेस्ट' म्हणजे पक्की आणि 'बेट्राग' म्हणजे रक्कम. किंमत असा अर्थ त्यात कुठेही नाही. १९८९ पासून जर्मनीत सारख्या गुणाच्या औषधांचे गट पाडून, विमा निधी त्या गटातील औषधासाठी जास्तीत जास्त किती देईल, ते ठरवले जाते. उत्पादकाला त्याहून अधिक किंमत लावायला मनाई नाही, पण वरचा फरक रुग्णाने सोसायचा. म्हणून 'निश्चित किंमत' चुकीचे आहे आणि 'कमाल किंमत' त्याहून चुकीचे, कारण 'कमाल किंमत' भारतात वेगळ्याच गोष्टीसाठी पक्का झालेला शब्द आहे. आपल्याकडे औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ प्रमाणे, बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडांची किरकोळ विक्रेत्याला पडणारी किंमत घेऊन तिची सरासरी काढतात, तीत विक्रेत्याचे १६ टक्के मिळवतात आणि येईल ती कमाल किंमत. यादीतील औषध तिच्या वर विकले, तर जादा घेतलेली रक्कम व्याजासह वसूल होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली, तेव्हा कोणी रुग्णाला 'वरचे पैसे तुम्ही भरा' म्हणू शकत नव्हते, कारण वरची किंमत लावणेच बेकायदेशीर होते.

कमाल किंमत विकणाऱ्याचा हात धरते. 'फेस्टबेट्राग' पैसे देणाऱ्याचा हात किती पुढे जाईल ते सांगते, आणि विकणारा मोकळा राहतो. हा भेद शब्दात उतरला नाही, तर जर्मनीतला मराठी वाचक दुकानात अडेल. कमाल किंमत ठरलेली असताना वर पैसे का मागता, असे तो विचारील. मी 'अनुज्ञेय मर्यादा' सुचवतो. नियमाने किती पैसे मिळू शकतात एवढेच हा शब्द सांगतो, वस्तूची किंमत काय असावी यात पडत नाही.

प्रत्यक्ष काय घडते ते २००५ च्या आरंभी दिसले. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांना एकत्रित मर्यादा लागू झाली, आणि फायझर कंपनीने आपल्या 'सॉर्टिस'ची किंमत त्या मर्यादेपर्यंत खाली आणली नाही. औषध बाजारातच राहिले, पण फरक रुग्णांच्या खिशातून जाऊ लागला, आणि मोठ्या संख्येने रुग्ण त्याच गटातील दुसऱ्या औषधांकडे वळले. 'कमाल किंमत' हा शब्द वापरून ही घटना समजावून सांगताच येणार नाही.

प्रकरणाच्या शीर्षकात 'नियंत्रण' ऐवजी 'नियमन' घ्यावे. भाडे नियंत्रण, किंमत नियंत्रण या शब्दांत आकडा सरकारच्या मुठीत असतो. जर्मनीत २०११ पासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे नव्या औषधाची पहिली किंमत उत्पादक स्वतः ठरवतो. डॉक्टर, रुग्णालये आणि विमा निधी यांची संयुक्त समिती, जुन्या उपचारापेक्षा या औषधाचा जादा लाभ किती, हे तपासते आणि मग वाटाघाट होते. जमले नाही तर लवाद मंडळ रक्कम ठरवते. उत्पादकाच्या मर्जीची ही मुदत आधी बारा महिन्यांची होती, २०२२ च्या कायद्याने ती सहा महिन्यांवर आली. इथे सरकारने आकडा ठरवलेला नाही, आकडा ठरवण्याची रीत घालून दिली आहे, आणि रीत घालून देणे म्हणजेच नियमन.

आणखी एक उत्तर

मी इंग्लंडमध्ये औषधविक्रेता म्हणून काम करतो. वरील विवेचन पटले. एक भर घालतो.

इथे 'रीइम्बर्समेंट' हा शब्द रोज कानावर पडतो, पण तो रुग्णासाठी नव्हे, आम्हा दुकानदारांसाठी. रुग्ण प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क देतो. २०२४ मध्ये ते ९.९० पौंड झाले. अनेकांना तेही माफ असते, आणि वेल्स, उत्तर आयर्लंड व स्कॉटलंड यांनी ते अनुक्रमे २००७, २०१० आणि २०११ मध्ये रद्दच केले. औषध मात्र आम्ही घाऊक व्यापाऱ्याकडून स्वतःच्या पैशाने आधीच विकत घेतलेले असते. दर महिन्याला निघणाऱ्या सरकारी दरपत्रकाप्रमाणे त्याचे पैसे आम्हाला नंतर मिळतात. म्हणजे खिसा आधी रिकामा होतो तो दुकानदाराचा, आणि म्हणून इथे 'प्रतिपूर्ती' हा शब्द अक्षरशः बरोबर आहे. दरपत्रकातला दर आमच्या खरेदीपेक्षा कमी निघाला, तर त्या महिन्यात ती गोळी आम्ही पदरचे घालून देतो. अशा वेळी प्रतिपूर्ती अपुरी पडली, असेच म्हणावे लागते. औषध देण्याच्या कामाचे शुल्क वेगळे मिळते. त्यासाठी 'मोबदला' हा शब्द राखून ठेवावा, दोन्ही एकत्र करू नयेत.

तेव्हा शब्द निवडण्याआधी पहिला खर्च कोणी केला, ते पाहावे, असे मला वाटते.

आणखी एक. जर्मन विमा निधी आणि उत्पादक यांच्यात सवलतीचे करार होतात आणि २००७ पासून दुकानदाराला, डॉक्टरांनी मनाई केलेली नसल्यास, त्याच घटकाचे करारातले औषध द्यावे लागते. याला मराठीत नवा शब्द घडवण्याची गरज नाही. महाराष्ट्रात सरकारी औषध खरेदीत 'दरकरार' हा शब्द वर्षानुवर्षे चालत आला आहे. निविदा काढून दर ठरवणे ही दोन्हीकडची रीत सारखीच आहे. 'दरकरारातील औषध' म्हटले की, डॉक्टरांनी एका कंपनीचे नाव लिहिले असताना दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचे खोके का दिले, हे भाचीला लगेच समजेल.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचीही मनापासून आभारी आहे. 'अनुज्ञेय मर्यादा' आणि 'दरकरार' घेतले. शीर्षकात 'नियमन' केले. 'प्रतिपूर्ती' आता फक्त खाजगी विम्याच्या प्रकरणात आहे. 'त्सूत्सालुंग' म्हणजे रुग्णाने दुकानात द्यायच्या रकमेसाठी 'सह-देय' असा एक शब्द विमा पत्रकांत दिसतो, पण तो भाचीला वाचून दाखवला तेव्हा तिला काहीच बोध झाला नाही. 'रुग्णाचा वाटा' म्हटल्यावर तिने पुढे काही विचारले नाही, म्हणून तोच ठेवला.

ज्या परिच्छेदावर ती अडली होती, तो आता असा झाला आहे:

"वैधानिक विमा असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाचे पैसे विमा निधी दुकानदाराला परस्पर देतो. आपण दुकानात फक्त रुग्णाचा वाटा द्यायचा. हा वाटा किमतीच्या १० टक्के असतो, पण ५ युरोंपेक्षा कमी आणि १० युरोंपेक्षा जास्त नसतो. औषधच ५ युरोंपेक्षा स्वस्त असेल, तर त्याच्या किमतीएवढाच. अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो द्यावा लागत नाही. औषधाची किंमत अनुज्ञेय मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर वरचा फरकही आपल्याला द्यावा लागतो. समजा मर्यादा ४० युरो आणि किंमत ४६ युरो आहे, तर ५ युरो वाटा आणि ६ युरो फरक, असे ११ युरो होतील. अशा वेळी पैसे देण्यापूर्वी, मर्यादेत बसणारे त्याच गुणाचे दुसरे औषध आहे का, असे दुकानदाराला किंवा डॉक्टरांना अवश्य विचारावे."