चेतकचा मागचा ब्रेक लागत नाही, सल्ला हवा (बजेट ८०० रु.)

वाड्यातला_चेतकवाला:
बाबांची १९८८ ची चेतक इतक्या वर्षांनी बाहेर काढली. तिरकी केली की तिसऱ्या किकला सुरू होते. पण मागचा ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी आपली चालतेच. ब्रेकचे नवे लायनर (चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे पट्टे) टाकू की साफ करून भागेल? ८०० च्या वर बायको ऐकणार नाही.

टू_स्ट्रोक_मामा:
८०० त काय होतंय! मी पुढे डिस्क बसवून घेतली. नऊ हजार गेले, पण गाडी जागच्या जागी थांबते.

सातारी_कट्टा:
चेतकला ब्रेक होते कधी? १९९४ ला खंबाटकी घाट दुसऱ्या गिअरवर उतरवलाय. चपलेचा तळ गेला, गाडीला ओरखडा नाही.

एलएमएल_भक्त:
म्हणून एलएमएलची स्कूटर घ्यायची असते.

सातारी_कट्टा:
तिलाही ड्रमच होते की हो.

ग्रीसवाली_ताई:
विषयावर या. आधी ड्रम उघडा. स्प्लिट पिन काढून मधला नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, स्टँडवर घेतलीत तर पान्याबरोबर चाकही फिरेल. आत लायनर ओलसर असतील, गिअर ऑइलचा वास येत असेल, तर चूक अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलची (तेल अडवणारी रबरी रिंग). आमच्या मेकॅनिकने दोनदा लायनर बदलले, दोनदा पैसे घेतले, सील तसंच. पंधरा दिवसांत परत चिंब. ऑइल जास्त भरलं तरी गळतं, ऑइल भरायच्या भोकाच्या काठापर्यंतच भरा. लायनर कोरडे पण चकाकत असतील तर पॉलिश पेपर पुरे. लायनर फाकवणाऱ्या कॅमला ग्रीस करंगळीच्या नखाएवढंच. आणि काळी धूळ फुंकून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा.

टू_स्ट्रोक_मामा:
ताई म्हणाल्या तेच मी लिहिणार होतो.

कोथरूडकर_नवा:
इलेक्ट्रिक चेतक घ्या. कटकट नाही.

पंक्चरवाला_पप्पू:
केबल कुणी बघितली का? पेडल सोडल्यावर हळूहळू वर येत असेल तर केबल गंजलीय. वरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून त्यात तेल ओता, रात्रभर टांगून ठेवा.

वाड्यातला_चेतकवाला:
उघडला. ताई बरोबर, लायनर तेलात न्हालेले. नाना पेठेत सील आणि लायनर मिळून बजेटात बसत होतं. पण बाबा म्हणाले, नवं कशाला? लायनर गॅसवर धरले, धूर संपेपर्यंत भाजले, पॉलिश पेपर मारून परत बसवले. स्वयंपाकघरात तीन दिवस वास. ब्रेक मात्र कचकन लागतोय!

ग्रीसवाली_ताई:
आणि सील?

वाड्यातला_चेतकवाला:
पुढच्या महिन्यात. तोवर मंडईपर्यंतच.

ग्रीसवाली_ताई:
मधल्या नटाचा पाना आत ठेवू नका मग.

सातारी_कट्टा:
चप्पल जाड तळाची घ्या.