आईला गॅस्ट्रोपरेसिस असावा म्हणतात – तपासणी आणि औषधांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची, वीसेक वर्षं मधुमेह, इन्शुलिनवर आहे. हल्ली चार घास खाल्ले की पोट गच्च होतं, मळमळतं. परवा रात्री उलटी झाली, तर त्यात दुपारची मटकीची उसळ जशीच्या तशी! एंडोस्कोपीत अडथळा, अल्सर काही नाही. पण रात्रभर उपाशी असूनही जठरात अन्न दिसलं. मधुमेहाने व्हेगस नर्व्हवर (जठराची हालचाल चालवणारी नस) परिणाम होऊन जठर मंदावलं असावं, म्हणजेच गॅस्ट्रोपरेसिस, असं डॉक्टर म्हणाले.

खरी पंचाईत साखरेची आहे. जेवणाआधी घेतलेलं इन्शुलिन कामाला लागतं आणि अन्न मात्र जठरातच पडून. तासाभरात साखर ६०पर्यंत उतरते, दरदरून घाम फुटतो. ग्लुकोजचं पाणी पाजून सावरावं, तर मध्यरात्री ३००! इन्शुलिनची वेळ कोणी बदलून घेतली आहे का?

गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन (जठर किती वेळात रिकामं होतं ते बघायचा) सांगितलाय. त्यात किरणोत्सारी द्रव्य घातलेलं अंडं खायला देतात म्हणे. आई माळकरी, अंड्याचं नावही काढायची सोय नाही. दुसरा पर्याय असतो का? (एकादशीच्या साबुदाण्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.)

शिवाय लेव्होसल्पिराइडने उलट्या थांबल्या, पण हात कापायला लागलेत. नातेवाईक म्हणतात, वयाने होतं. मला पटत नाही.

प्रतिसाद :
हात कापतात हे आजच डॉक्टरांना कळवा. लेव्होसल्पिराइड आणि मेटोक्लोप्रमाइड (उलटीवरचंच दुसरं औषध), दोन्हींनी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, म्हातारपणी जास्तच. डॉम्पेरिडोन या तशाच तिसऱ्या औषधाचा विचार झाला तर आधी ईसीजी काढायला सांगा.

स्कॅनसाठी काही ठिकाणी इडली देतात. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आधी फोन करून विचारा. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर जठर मंद आहे असं धरतात. त्याआधी कुठली औषधं थांबवायची तेही विचारा. त्या सकाळी साखर फार चढलेली नको, चढलेली साखरच जठर मंदावते.

इन्शुलिन काहींना जेवणानंतर देतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. उसळ, कच्ची कोशिंबीर, तळण सध्या बंद. मऊ भात, मुगाचं वरण, थोडं थोडं, पाच-सहा वेळा. साबुदाणा खिचडीतलं तूप आणि दाण्याचं कूट मात्र जड पडेल.

धागाकर्ती :
आभारी आहे. डॉक्टरांना फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय.