जुन्या ट्रकचे इग्निशनचे कुलूप किल्ली नसताना बदलायचे आहे, मदत हवी आहे

माळावरचा_गडी
नमस्कार. माझ्या जुन्या फोर्ड ट्रकची किल्ली हरवली आहे आणि दुसरी किल्ली कधी नव्हतीच. कुलपाचे नवे सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात फिरते तो भाग, दोन किल्ल्यांसह मागवून ठेवले आहे, परंतु जो व्हिडिओ उघडावा त्याची सुरुवात 'किल्ली घालून रनवर (गाडी चालू असतानाच्या जागेवर) फिरवा' अशीच होते. किल्ली असती तर व्हिडिओ पाहत कशाला बसलो असतो? शनिवारी ड्राइव्हवेवर डांबर घालायला माणसे येणार आहेत, त्याआधी ट्रक तिथून हलणे भाग आहे. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे त्यांनीच कृपया लिहावे.

सदाशिवपेठी
मी हे काम केलेले नाही, तरी विचारतो. 'जुना' म्हणजे किती जुना? आणि ट्रक म्हणजे अमेरिकेतला पिकअप की आपल्याकडचा दहाचाकी?

पाना_पक्कड
साल सांगितल्याशिवाय कोणालाही उत्तर देता येणार नाही. फोर्डच्या एफ मालिकेत 1979 पर्यंत हे कुलूप डॅशबोर्डवर असे, 1980 पासून ते स्टिअरिंगच्या दांड्यावर आले, आणि 1999 पासूनच्या एफ-150 ला किल्लीत चिप लागते. या तिन्ही प्रकारांत काम वेगवेगळे आहे. गिअर ऑटोमॅटिक आहे का, दाराची किल्ली वेगळी आहे का आणि गाडीचे टायटल (मालकीचा कागद) तुमच्या नावावर आहे का, हेही सांगा. शेवटचा प्रश्न संशयाने विचारलेला नाही. पुढे कोणाला बोलवावे लागलेच, तर तो माणूस आधी तेच मागेल.

घाटावरचा_चालक
आमच्या टाटा 407 ची किल्ली फलटणजवळ हरवली होती, तेव्हा मेस्त्रीने स्विचच्या मागच्या तारा जोडून गाडी चालू करून दिली आणि आम्ही माल वेळेवर पोहोचवला. एवढ्याशा कामासाठी सिलिंडर मागवण्याची गरजच नव्हती.

पाना_पक्कड
@घाटावरचा_चालक, तारा जोडून इंजिन चालू होईल, पण स्टिअरिंगचे कुलूप सुटणार नाही. इंजिन गुरगुरते आहे आणि चाक वळत नाही, अशा गाडीचे ते काय करणार? शिवाय जिथे गिअरचा दांडा स्टिअरिंगवर असतो, तिथे किल्ली लॉकवर असेपर्यंत तो पार्कमधून हलतही नाही.

माळावरचा_गडी
1994 ची एफ-150 आहे. ऑटोमॅटिक आहे, गिअरचा दांडा स्टिअरिंगवरच आहे, स्टिअरिंग वरखाली होते. दारे आणि इग्निशन यांना एकच किल्ली होती. टायटल माझ्या नावावर आहे. हे सगळे 'जुना फोर्ड' म्हटल्यावर लक्षात येईल असे वाटले होते. आता कृती सांगा.

कोलंबसकर
हेच काम मी याच पिढीच्या गाडीवर केले आहे. किल्ली असती तर ती रनवर फिरवून, स्टिअरिंगच्या दांड्यावरील आवरणाच्या खालच्या भोकातून साधारण 3 मिलिमीटर जाडीच्या तारेने सिलिंडर धरून ठेवणारी पिन दाबून सिलिंडर बाहेर ओढता आले असते. किल्लीशिवाय ती पिन सुटत नाही, म्हणून ड्रिल हाच मार्ग उरतो. आधी 1/8 इंची ड्रिलने ती पिन उडवावी, मात्र अर्ध्या इंचाहून खोल जाऊ नये. मग छिन्नीने पुढची टोपी तोडावी, आणि 3/8 इंची ड्रिल किल्लीच्या फटीतून सरळ आत नेत सुमारे पावणेदोन इंचांवर सिलिंडर मागच्या भागापासून सुटेपर्यंत चालवावे. त्यानंतर धातूचा एकूण एक कीस काढावा, कारण राहिलेला कीस नव्या सिलिंडरला पहिल्या आठवड्यातच अडकवतो.

एडिसनची_काकू
इतका खटाटोप कशासाठी? फिरत्या गाडीतून येणारा लॉकस्मिथ (कुलूप-किल्लीवाला) बोलवावा. 1994 च्या किल्लीत चिप नाही, साधी दहा खाचांची किल्ली आहे. दाराचे कुलूप काढून त्यातून काही खाचा वाचता येतात आणि उरलेल्या खाचा तो इग्निशनवर एकेक करून शोधतो. किल्ली झाली की ड्रिलला हात लावावा लागत नाही.

कोलंबसकर
काकू, लॉकस्मिथ जेवढे पैसे घेतो त्यात दोन सिलिंडर आणि एक नवे ड्रिल येते.

एडिसनची_काकू
येईल की. पण ड्रिल अर्धा इंच तिरके गेले तर त्यात स्टिअरिंगच्या दांड्याचे आख्खे घर येते का, तेही सांगा.

पाना_पक्कड
दोघांच्या वादात एक गोष्ट राहून गेली. 1994 पासून एफ-150 च्या चालकाच्या बाजूला एअरबॅग आहे, त्यामुळे बॅटरीची ऋण तार काढून काही वेळ थांबल्याशिवाय स्टिअरिंगच्या दांड्यावर हातोडा किंवा छिन्नी चालवू नये. दुसरे असे की, वरखाली होणाऱ्या स्टिअरिंगमध्ये कुलपापासून स्विचपर्यंत जाणारा सरकता तुकडा ठिसूळ धातूचा असतो आणि या गाड्यांत तो मोडणे ही नेहमीची तक्रार आहे. हातोड्याने मोडला, तर नवी किल्ली छान फिरेल आणि स्टार्टर मात्र ढिम्म राहील. मग स्टिअरिंगचा संपूर्ण दांडा उघडावा लागतो, आणि ते शनिवारच्या आत होणारे काम नव्हे.

नवी_वाट
माझ्या मते बटणाने चालू होणारी यंत्रणाच बसवून घ्यावी. किल्लीच राहणार नाही, म्हणजे हरवण्याचा प्रश्नही नाही.

पाना_पक्कड
स्टिअरिंगचे कुलूप मग कोणते बटण उघडणार?

सदाशिवपेठी
विक्रेत्याकडे गाडीच्या चासी क्रमांकावरून किल्लीचा कोड मिळत नाही का?

एडिसनची_काकू
नव्या गाडीचा मिळतो. तीस वर्षांच्या गाडीचा मिळाला तर नशीब समजा. फोन करायला मात्र पैसे पडत नाहीत.

घाटावरचा_चालक
आणि काहीच जमले नाही, तर टो करणाऱ्याला बोलवून मागची चाके उचलून गाडी रस्त्यावर घ्या. तुमची निकड डांबराची आहे, कुलपाची नाही.

माळावरचा_गडी
सर्वांचे आभार. विक्रेत्याकडे कोड नव्हता. ड्रिल हातात घेतले होते, पण मोडणाऱ्या तुकड्याबद्दल वाचल्यावर ते खाली ठेवून लॉकस्मिथला बोलवले. त्याने आधी टायटल आणि लायसन्स पाहिले, मग चालकाच्या दाराचे कुलूप काढून सहा खाचा वाचल्या आणि ड्राइव्हवेवरच किल्ली कापली. उरलेल्या खाचांसाठी तो किल्ली घालून हलकेच वळवून पाहायचा, काढायचा, यंत्रावर एक टप्पा कमी करायचा आणि पुन्हा घालायचा. किल्ली रनवर फिरल्यावर पिन दाबताच जुने सिलिंडर हातात आले आणि नवे त्याच जागी बसले. ट्रक आता रस्त्यावर उभा आहे.

कोलंबसकर
जुन्या कुलपाची किल्ली तयार झाली होती, ती फिरतही होती, तर मग कुलूप बदलले कशासाठी?

माळावरचा_गडी
हरवलेली किल्ली कोणाच्या हाती लागली आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून. आता दाराला एक आणि इग्निशनला दुसरी, अशा दोन किल्ल्या झाल्या आहेत. दाराची कुलपे नव्या किल्लीला जुळवून घेता येतात का?

एडिसनची_काकू
येतात. त्याच लॉकस्मिथला पुन्हा बोलवावे लागेल. नाहीतर कोलंबसकरांना विचारा, त्यांच्याकडे ड्रिल आहे.